जाँ देल्व्हिल: थिऑसॉफीने घडवला की बिघडवला?

शिसपेन्सिल

प्रतीकवादी चित्रकारांवर इथे अधूनमधून धागे निघतात, पण गाडी गुस्ताव मोरो आणि ओदिलाँ रेदाँच्या पुढे काही सरकत नाही. बेल्जियमच्या जाँ देल्व्हिलचं (१८६७–१९५३) नाव क्वचित निघतं, आणि निघालं की पाठोपाठ शिक्का बसतो: थिऑसॉफीवाला. (थिऑसॉफी म्हणजे सगळ्या धर्मांच्या मुळाशी एकच गुप्तज्ञान आहे असं मानणारा गूढवादी पंथ.) शिक्का खोटा नाही. हा माणूस पुढे थिऑसॉफिकल सोसायटीच्या बेल्जियम शाखेचा पहिला सरचिटणीस झाला. पण आज ज्या चित्रांमुळे तो लोकांना माहीत आहे, ती जवळपास सगळी त्याने सोसायटीत पाऊल टाकण्याआधीची आहेत. माझं म्हणणं असं की थिऑसॉफीने त्याला घडवलं त्यापेक्षा बिघडवलं जास्त. पटत नसेल तर भांडायला या, त्यासाठीच धागा काढलाय.

आधी थोडी पार्श्वभूमी. जन्म लुव्हाँचा, शिक्षण ब्रसेल्सच्या अकादमीत, रेखाटनावर जबरदस्त पकड. १८९२ ते १८९५ या काळात पॅरिसला जोझेफाँ पेलादाँच्या 'रोझ-क्रुआ' प्रदर्शनांत त्याची चित्रं लागत होती. पेलादाँ म्हणजे एक अजब वल्ली. लेखक, समीक्षक, आणि स्वतःच स्वतःला 'सार' ही प्राचीन राजांची पदवी लावून घेतलेला. दाढीही तशीच ठेवायचा. त्याच्या प्रदर्शनाचे नियम वाचण्यासारखे आहेत: युद्धाचे प्रसंग नकोत, देशभक्ती नको, स्थिरचित्रं नकोत, पाळीव प्राणी नकोत, विनोदी तर अजिबातच नको. पुराणकथा, स्वप्न, गूढ, एवढंच चालेल. देल्व्हिलने हे वारं ब्रसेल्सला आणलं आणि १८९६ ते १८९८ स्वतःची 'आदर्शवादी कला' प्रदर्शनं भरवली.

आता चित्रांकडे येऊ. 'मिस्टेरिओसा', १८९२. कागदावर रंगीत खडू, आकार जेमतेम ४० बाय ३२ सेंटीमीटर. स्टुअर्ट मेरिल नावाच्या कवीच्या पत्नीचं हे चित्र. बाईचे डोळे वर फिरलेत, बुबुळाखालचं पांढरं दिसतंय. केस तांबूस भगवे, आणि ते कुठे संपतात नि त्यांच्या भोवतीचा उजेड कुठे सुरू होतो हे शोधत बसावं लागतं. हनुवटी एका जाड काळ्या पुस्तकावर टेकलेली, पुस्तकावर त्रिकोण. बोटं लांबसडक. बाई समाधीत आहे, झपाटलेली आहे की नुसती ग्लानीत आहे, चित्रकार काही म्हणजे काही सांगत नाही. आपल्याकडे अंगात येताना ज्याने जवळून बघितलंय त्याला ते डोळे ओळखीचे वाटतील. खडूचं काम इतकं मऊ आहे की गालावर रेघ अशी सापडतच नाही, आणि तरीही चेहरा धुरकट होत नाही. मी हे उतरवायचा प्रयत्न केला होता. कपाळावरच अडकले.

त्याच्या पुढच्या वर्षीचा 'ऑर्फियस', म्हणजे ग्रीक पुराणातला गायक: कापलेलं मस्तक वीणेला चिकटून निळ्या-हिरव्या पाण्यावर तरंगतंय, पाण्यात ताऱ्यांचं चमचमणं. हा चेहरा त्याने स्वतःच्या बायकोवरून, मारीवरून घेतला असं म्हणतात. म्हणून तो धड पुरुषाचाही नाही आणि बाईचाही नाही.

आणि १८९५ चा 'सैतानाचा खजिना', हे मात्र चांगलं अडीच मीटरच्या वर उंच आणि तेवढंच रुंद. समुद्राच्या तळाशी स्त्रीपुरुषांची नग्न शरीरं एकमेकांत गुंतून झोपलीत, एखाद्या ओढ्यासारखी वाहत चाललीत. आजूबाजूला पोवळी, मोती, रत्नं. वर लालभडक सैतान नाचऱ्याच्या डौलात ती ओलांडतोय, आणि त्याचे पंख म्हणजे पंख नाहीतच, अष्टपादाचे सोंड-हात आहेत. गंमत अशी की झोपलेल्यांपैकी कुणालाही त्रास होत नाहीये. सगळे सुखात. वासनेच्या कैदेत माणूस मजेत असतो, हे एकाही उपदेशाच्या शब्दाशिवाय त्याने सांगून टाकलंय.

नंतरचं 'मानव-देव' घ्या, १९०३, सध्या ब्रूझच्या संग्रहालयात आहे. पुन्हा नग्न शरीरांचा लोंढा, पण आता वरच्या दिशेने, तेजाने झळकणाऱ्या ख्रिस्ताकडे. शरीरं तितकीच बिनचूक. पण मला समोर प्रवचन चालल्यासारखं वाटतं. माणूस उत्क्रांत होत होत देवत्वाला पोचणार हा सोसायटीचा सिद्धांत, आणि चित्र म्हणजे त्याचा तक्ता. सैतानाच्या चित्रात बघणाऱ्याला काहीतरी काम होतं, इथे सगळं उत्तरासकट छापून आलंय.

बोला आता.

---

खडूस_काका

सगळी चित्रं गुगलून पाहिली. मला तर आधीची आणि नंतरची, दोन्ही कॅलेंडरवर छापायच्या लायकीची वाटली. ते १८९८ चं 'प्लेटोची शाळा' घ्या, त्यातला तो प्लेटो बघा, सुगंधी अगरबत्तीच्या पुड्यावर शोभेल. त्याच सुमारास फ्रान्समध्ये आधुनिक चित्रकलेचा पाया घालणारा सेझान सफरचंदं रंगवत होता हो! त्या काळी हे मागासलेलंच म्हणायचं.

---

ब्रसेल्सकर

काका, मोबाईलवर बघून निकाल देऊ नका. 'सैतानाचा खजिना' इथल्या रॉयल म्युझियममध्ये प्रत्यक्ष बघा. छापील प्रतीत तो सैतान एकसारखा केशरी दिसतो. जवळून बघितलं तर अंगावर पिवळा, गुलाबी, विटकरी असे पट्टे पट्टे आहेत, आणि खाली झोपलेल्यांच्या कातडीवर त्याच रंगांचं प्रतिबिंब सांडलंय. म्हणजे उजेड त्याच्या अंगातून येतोय. दुसरा कुठला दिवाच नाही त्या चित्रात.

थिऑसॉफी कुणाची ते ठाऊक नसलेले हजारो लोक देल्व्हिलचं काम रोज बघतात, हेही सांगतो. इथल्या सँकाँतनेर बागेतली कमान आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या अर्धगोल ओवऱ्या प्रसिद्ध आहेत. ओवरीच्या भिंतींवर मोझेक आहेत, सहा चित्रकारांनी मिळून आराखडे केले, त्यात देल्व्हिलही होता. उद्घाटन १९३२ चं. सोनेरी पार्श्वभूमी, बेल्जियमचा गौरव वगैरे विषय. ज्या पेलादाँच्या प्रदर्शनात देशभक्तीला बंदी होती त्यातला हा गडी! बहुतेक लोक खाली उभे राहून लग्नाचे फोटो काढतात, वर कुणी बघत नाही.

---

पोथीनिष्ठ

शिसपेन्सिलताई, तारखांचा हिशोब मला मान्य नाही. माणूस वर्गणी कधी भरतो आणि विचार कधी मानायला लागतो, या दोन वेगळ्या तारखा असतात. फ्रेंच लेखक एदुआर शुरेचं 'महान दीक्षित' (गुप्तज्ञानाची दीक्षा मिळालेले महापुरुष) हे पुस्तक १८८९ मध्ये आलं. त्यात राम, कृष्ण, हर्मीस, मोझेस, ऑर्फियस, पायथागोरस, प्लेटो, येशू अशी एकाच गुप्तज्ञानाची परंपरा लावून दिलीय. आता देल्व्हिलच्या विषयांची यादी काढा: ऑर्फियस, प्लेटो, ख्रिस्त. योगायोग? शुरे स्वतः थिऑसॉफीच्या गोतावळ्यातलाच. पुढे १९०० मध्ये देल्व्हिलचं 'कलेचं कार्य' हे पुस्तक आलं त्याला प्रस्तावनाही शुरेचीच. म्हणजे १८९३ चा ऑर्फियससुद्धा त्याच विहिरीतलं पाणी.

त्यात एलिफास लेव्हीची भर. फ्रेंच गूढवाद्यांचा हा आजोबा 'सूक्ष्म प्रकाश' नावाचं एक तत्त्व मांडतो: सगळीकडे भरलेलं, विचारांनी आकार घेणारं, आणि दुबळ्या मनाच्या माणसाला गुंगवून बुडवणारं. थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक ब्लाव्हात्स्कीबाईंनी ते उचलून आपल्या आकाशतत्त्वाशी नेऊन भिडवलं. सैतान समुद्राखाली का आहे, याचं उत्तर तिथे आहे. तो समुद्र म्हणजेच तो प्रकाश. तुम्ही ज्याला प्रवचन नसलेलं चित्र म्हणता, ते प्रवचनच आहे. तुम्हाला त्याची भाषा येत नाही म्हणून चित्र वाटतंय, इतकंच. राग नसावा.

---

शिसपेन्सिल

राग कसला, झकास मुद्दा आहे. पण तुम्ही माझंच काम सोपं केलंत. लेव्ही न वाचता ते चित्र मला चालतं, नव्हे भिडतं. 'मानव-देव' मात्र सिद्धांत काढून घेतला तर फक्त कवायतीतला घोळका उरतो. विश्वास कुठून आला याच्याशी माझं भांडण नाही. तो चित्रात विरघळला की वर तरंगत राहिला, एवढंच विचारतेय.

खडूस_काका, सेझानचं माप सगळ्यांना लावायचं तर निम्मं कलादालन रिकामं होईल.

---

गिरगावची_गल्ली

चित्रातलं मला कळत नाही, पण थिऑसॉफी म्हटलं की राहवत नाही. हे सगळं युरोपी खूळ म्हणून वाचू नका मंडळी, याचा एक पाय आपल्या गिरगावात आहे. सोसायटी न्यूयॉर्कला १८७५ मध्ये निघाली खरी, पण ब्लाव्हात्स्की आणि त्यांचे सहसंस्थापक कर्नल ऑल्कॉट फेब्रुवारी १८७९ मध्ये बोटीने मुंबईत उतरले आणि गिरगावात बिऱ्हाड थाटलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'द थिऑसॉफिस्ट' मासिक मुंबईतून सुरू झालं. १८८२ च्या अखेरीला मुक्काम मद्रासजवळ अड्यारला हलला. तुकोबांची गाथा छापणारे, 'जातिभेद विवेकसार' लिहिणारे तुकाराम तात्या पडवळ हे इथले एक मोठे कार्यकर्ते. सोसायटीची पुस्तकं स्वस्तात छापून वाटायचं काम त्यांनी केलं. दामोदर मावळणकर नावाचा तरुण तर घरदार सोडून त्यांच्यात गेला आणि १८८५ मध्ये तिबेटच्या वाटेला लागला, तो परतला नाही.

आमच्या आजोबांच्या कपाटात बेझंटबाईंची पुस्तकं होती. होमरूलवाल्या त्याच अ‍ॅनी बेझंट, १९०७ पासून सोसायटीच्या अध्यक्ष. आजोबा रोज सकाळी ध्यानाला बसायचे आणि उठल्यावर पहिला चहा गार का, म्हणून ओरडायचे. त्यांच्या तेजोवलयाचा रंग कोणता असेल यावर आम्हा नातवंडांचं एकमत होतं.

---

पोथीनिष्ठ

@गिरगावची_गल्ली :) पुस्तकाप्रमाणे राग म्हणजे लाल. बेझंट आणि सोसायटीतलेच त्यांचे सहकारी लेडबीटर यांच्या 'विचाररूपे' या पुस्तकात रंगांचा तक्ताच आहे. पिवळा बुद्धीचा, गुलाबी प्रेमाचा, निळा भक्तीचा, मळकट तपकिरी स्वार्थाचा. देल्व्हिलने ब्रसेल्सच्या फोरे भागातल्या आपल्या घरावर मनोरा चढवला आणि त्यातली ध्यानाची खोली पूर्ण निळी रंगवली असं त्याच्या चरित्रात येतं. तक्ता घरातही लावला म्हणायचा.

---

सप्तसूर

स्क्रियाबिनचं नाव अजून कसं नाही आलं? रशियन संगीतकार अलेक्सांद्र स्क्रियाबिन काही काळ ब्रसेल्सला होता, तिथे त्याची देल्व्हिलशी मैत्री झाली. स्क्रियाबिन आधीपासून ब्लाव्हात्स्की वाचणारा. त्याची 'प्रॉमिथियस: अग्निकाव्य' ही रचना १९११ मध्ये मॉस्कोला पहिल्यांदा वाजली. तिच्या स्वरलिपीत सगळ्यात वरची ओळ एका प्रकाशवाद्यासाठी आहे, म्हणजे पट्टी दाबली की सूर निघत नाही, दालनात रंग पसरतो. त्या काळात ते जमवणं अवघडच, पहिल्या प्रयोगात रंग वगळूनच वाजवलं.

छापील स्वरलिपीचं मुखपृष्ठ देल्व्हिलचं. मधोमध वीणेचा आकार आणि त्यातून बघणारा चेहरा, तोही स्त्री की पुरुष सांगता न येणारा, भोवती ज्वाळा. १८९३ चा ऑर्फियस आठवा. तेव्हा डोळे मिटलेले होते, इथे सताड उघडे. माझ्यासाठी सोसायटीनंतरच्या देल्व्हिलचं सर्वांत चांगलं काम हे मुखपृष्ठ आहे. शिसपेन्सिल, तुमच्या सिद्धांताला हे छिद्र.

---

आडवी_रेघ

पेलादाँच्या नियमांची यादी दिलीत, त्यातला सगळ्यात मासलेवाईक नियम गाळलात की. बायकांची चित्रं घ्यायची नाहीत! कारण काय, तर म्हणे 'जादूच्या नियमानुसार'. चित्राच्या आत मात्र बाईच हवी, डोळे फिरवलेली नाहीतर मेलेली. 'मिस्टेरिओसा'तली बाई कोण, तर कवीची पत्नी. ऑर्फियसचा चेहरा कुणाचा, तर चित्रकाराच्या पत्नीचा. गूढ अनुभव बाईच्या तोंडावर आणि सही पुरुषाची.

आणि नेमक्या त्याच दशकात स्टॉकहोमला हिल्मा आफ क्लिंट ही चित्रकार चार मैत्रिणींना घेऊन प्रेतात्म्यांशी बोलायला बसत होती, १८९६ पासून. १९०६ ते १९१५ मध्ये तिने 'मंदिरासाठी' म्हणून १९३ चित्रं केली. थिऑसॉफी तिचीही. 'दहा सर्वांत मोठी' मालिकेतली चित्रं तीन मीटरच्या वर उंच आहेत आणि त्यात एकही मनुष्याकृती नाही. शंखासारखी वळणं, अक्षरं, पाकळ्या, गुलाबी-जांभळ्या-नारिंगी रंगांची मोठी मैदानं. डच चित्रकार मॉन्द्रियान १९०९ मध्ये हॉलंडच्या सोसायटीत गेला आणि पुढे उभ्या-आडव्या रेघांवर आला. पाण्याचा नळ एकच, पण एकाच्या घरी शंख, दुसऱ्याकडे रेघ आणि देल्व्हिलकडे अजून तीच व्यायामशाळा. मग थिऑसॉफीने बिघडवला असं कसं म्हणता? बाकीच्यांना तिने नवीन काहीतरी करायला लावलं. हा हललाच नाही.

---

खडूस_काका

आडवी_रेघ, व्यायामशाळा! हेच म्हणत होतो मी, पण मला कॅलेंडर सुचलं.

---

क्लाइडकाठ

ग्लासगोहून. इथल्या लोकांना कौतुकाने सांगितलं तरी पटत नाही, पण देल्व्हिल १९०० ते १९०६ आमच्या ग्लासगो स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला होता. जिवंत मॉडेलवरून रेखाटन हा त्याचा प्रांत. वास्तुरचनाकार मॅकिन्टॉशची ती सुप्रसिद्ध शाळेची इमारत तेव्हा नुकती अर्धी उभी राहिली होती. २०१४ आणि २०१८ च्या आगींनंतर आज फक्त मचाण आणि ताडपत्री दिसते. तो ब्रसेल्सला परतला तेव्हा इथले काही विद्यार्थी त्याच्यामागे गेले. म्हणजे मास्तर म्हणून माणूस पक्का असणार.

'हललाच नाही' यावर एक सुचवतो. जो माणूस रोज वर्गात नग्न शरीराचं रेखाटन तपासतो, त्याला शरीर सोडून रेघेवर यायला सांगणं अवघड आहे. मॉन्द्रियानला पोटासाठी फुलं रंगवावी लागली, ती त्याला नकोशी झाली. देल्व्हिलला मनुष्याकृती कधीच नकोशी झाली नाही.

---

शिसपेन्सिल

क्लाइडकाठ, हे फार महत्त्वाचं बोललात. देल्व्हिलच्या लिखाणात हा आग्रह सतत दिसतो: कल्पना शुद्ध हवी आणि रूपही शुद्ध हवं, दोन्ही एकाच वेळी. आत्मा रूपातूनच दिसतो, म्हणून रूप मोडायचं नाही. हिल्मा आणि मॉन्द्रियानने त्याच शिकवणीतून उलटा अर्थ काढला, रूप हा पडदा आहे, तो बाजूला करा. दोघांनाही आधार त्याच पुस्तकांत मिळतो, ही खरी मौज. 'विचाररूपे' उघडून बघा: रागाचं चित्र तिथे लाल तिरपे बाण आहेत, माणूस कुठेच नाही. देल्व्हिलच्या हाताशी हे होतं आणि त्याने घेतलं नाही.

आडवी_रेघ, बायकांबद्दलच्या नियमाचा ठोसा मान्य. पण 'मिस्टेरिओसा' पुन्हा बघा. ती बाई सावज वाटत नाही मला. पुस्तक तिच्या हातात आहे, चित्रकाराच्या नाही.

सप्तसूर, छिद्र आहे खरं, पण बुजवते. मुखपृष्ठावर त्याला अख्खा सिद्धांत मांडायला जागाच नव्हती, एकाच आकारात भागवावं लागलं. त्याच विषयावरचं १९०७ चं मोठं तैलचित्र, 'प्रॉमिथियस', ब्रसेल्सच्या मुक्त विद्यापीठात आहे, ते शेजारी ठेवा. ब्लाव्हात्स्कीच्या 'गुप्त सिद्धांता'त प्रॉमिथियस, म्हणजे देवांकडून अग्नी चोरणारा ग्रीक पुराणातला वीर, चुलीतला अग्नी आणत नाही, मन आणतो, माणसाला जाणीव देणारे मानसपुत्र म्हणजेच तो. देल्व्हिल हे सगळं इमानेइतबारे रंगवतो. उजेड आणणारा भव्य नग्न वीर वर, अंधारातले लोक खाली. वीणेतला तो चेहरा मात्र काही समजावून सांगत नाही, नुसता बघतो. म्हणून तो जिंकतो.

---

ब्रसेल्सकर

मोठ्या चित्रांना नुसतं प्रवचन म्हणून मोडीत काढण्यापूर्वी एक लक्षात घ्या. त्यातली काही आपण बघूच शकत नाही. इथल्या न्यायमंदिरात, फौजदारी खटल्यांच्या दालनासाठी त्याने 'युगायुगांतला न्याय' ही चित्रमालिका केली होती, पहिल्या महायुद्धाच्या आधी. ३ सप्टेंबर १९४४ ला ब्रसेल्स सोडून पळताना जर्मनांनी त्या इमारतीला आग लावली, त्यात मूळ चित्रं गेली. म्हणजे त्याच्या आयुष्यातलं एक सगळ्यात महत्त्वाकांक्षी काम वजा करून आपण गुण देतोय.

तोपर्यंत हा माणूस सत्तरी ओलांडून गेला होता, आणि त्यानंतरही जगला. १९ जानेवारीला जन्म, १९ जानेवारीलाच मृत्यू, ८६ पूर्ण. थिऑसॉफीवाल्यांनी यावर किती लिहिलं असेल याची कल्पना करा.

---

पोथीनिष्ठ

शेवटचा आक्षेप आणि मी थांबतो. 'प्लेटोची शाळा' तुमच्या हिशोबात कुठे बसते? १८९८, म्हणजे तुमच्या 'आधीच्या' यादीत. सहा मीटर रुंद, ऑर्से संग्रहालयात अख्खी भिंत व्यापते. प्लेटो येशूसारखा, भोवती मोजून बारा शिष्य, एक हात वर, एक खाली: 'जसं वर तसं खाली', हर्मीसचं वचन. इतकं उघड प्रवचन 'मानव-देव'मध्येही नाही. तरीही ते त्याचं सर्वांत प्रसिद्ध चित्र आहे. म्हणजे प्रवचन असूनही चित्र जमू शकतं की.

---

शिसपेन्सिल

जमलंय, कारण त्या बारा जणांचं प्लेटोकडे पुरतं लक्ष नाही. नीट बघा. कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर रेललाय, कुणी आपल्याच तंद्रीत, कुणी फक्त छान दिसायला बसल्यासारखा. निळसर जांभळी संध्याकाळ, झाडाला लोंबणारे फुलांचे घोस, मोर. गुरुजी विश्वाचं रहस्य सांगताहेत आणि वर्ग हवेवर आहे. देल्व्हिलला हे दाखवायचं होतं की नाही, कोण जाणे, पण हात त्याचा इमानदार होता. 'मानव-देव'मध्ये एकालाही असं इकडेतिकडे बघायची मुभा नाही.

खडूस_काका, अगरबत्तीच्या पुड्यावरचा महाराज भक्तांचं लक्ष नसताना कधी बघितलाय का?

---

खडूस_काका

नाही बघितला. पॅरिसला मुलगी आहे, डिसेंबरात जाणार आहे. ऑर्सेत जाऊन मोजतो किती जण ऐकताहेत ते. सेझानच्या सफरचंदांनाही नमस्कार करून येईन, तिथेच आहेत.